व्हिक्टोरियन वळणाचा साज आजच्या पोशाखात: नवख्यांसाठी पायरीपायरीने

कॅमिओचे, म्हणजे उठावात कोरलेल्या आकृतीचे ब्रोच, मखमली पट्टीचे चोकर, लेसच्या सुट्या कॉलरी, घड्याळाच्या जाड साखळ्या आणि उघडमिट करणारी लॉकेट पुन्हा वापरात आली आहेत. या वाटेवर नव्याने येणाऱ्यांची अडचण बहुधा एकच असते. वस्तू हातात घेऊन पाहताना मोहक वाटते, पण अंगावर चढवून आरशासमोर उभे राहिले की आपण एखाद्या ऐतिहासिक नाटकातून थेट उठून आलो आहोत असे वाटू लागते. दोष वस्तूचा नसतो आणि वापरणाऱ्याचाही नसतो; त्या वस्तूला पोशाखात काही काम मिळाले आहे का, एवढाच प्रश्न असतो.

व्हिक्टोरियन काळातील बहुतेक साजाला काम होते. ब्रोच कॉलरीची किंवा शालीची टोके एकत्र धरून ठेवत असे, साखळीच्या टोकाला खरोखर घड्याळ असे, लांब हॅटपिन टोपीला केसांच्या अंबाड्यात रोवून वाऱ्यात उडू देत नसे आणि कमरेला अडकवलेल्या शाटलेनला किल्ल्या, कात्री, अंगुस्तान अशा रोज लागणाऱ्या वस्तू लटकत. ज्या वस्तूला आजही असे काम देता येते ती आजच्या कपड्यांवर सहज बसते. खालील सर्व पायऱ्या याच निकषावर रचल्या आहेत.

पहिली पायरी: काळाचा तुकडा निवडा

‘व्हिक्टोरियन’ हा शब्द आपण एका शैलीचे नाव असल्यासारखा वापरतो, पण राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द जून 1837 पासून 22 जानेवारी 1901 पर्यंत, म्हणजे साडेत्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ चालली. तिच्या सुरुवातीची आणि शेवटची फॅशन एकमेकींना ओळखही दाखवणार नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी कोणता तुकडा आपल्याला आवडतो ते ठरवावे.

सुरुवातीचा काळ भावनाप्रधान होता. फुले, हृदये, गुंफलेले हात, शेपटी तोंडात धरलेला साप हे त्या काळातील आवडते आकार. पुढे राणीचा पती झालेल्या अल्बर्टने व्हिक्टोरियाला दिलेली वाङ्निश्चयाची अंगठी सर्पाकृती होती, कारण तेव्हा साप हे अखंड प्रेमाचे चिन्ह मानले जाई. रत्नांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांतून शब्द साधण्याचा खेळही तेव्हा लोकप्रिय होता. माणिक, पाचू, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा या क्रमाने खडे बसवले की इंग्रजीत ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, हा शब्द तयार होई.

मधला काळ काळ्या रंगाचा आहे. 14 डिसेंबर 1861 रोजी अल्बर्टचा मृत्यू झाला आणि राणीने त्यानंतर मरेपर्यंत शोकवस्त्रे सोडली नाहीत. शोकाचे दागिने तिच्या आधीही होते, पण तिच्यामुळे त्यांना राजमान्यता मिळाली आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी गावातील जेटच्या कोरीव कामाचा धंदा भरभराटीला आला. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे अश्मीभूत लाकूड. ते हलके असल्यामुळे मोठमोठे ब्रोच आणि जाड माळाही अंगावर जड होत नसत. पूर्ण शोकानंतर अर्धशोक येई आणि त्यात करडा, जांभळट आणि पांढरा हे रंग चालत. आज गडद व्हिक्टोरियन शैली आवडणाऱ्यांना संपूर्ण काळा पोशाख जड वाटत असेल, तर अर्धशोकाची ही रंगसंगती अतिशय उपयोगी पडते. करड्या स्वेटरवर काळे ब्रोच हे तिचे सर्वांत सोपे उदाहरण.

शेवटची पंधरा-वीस वर्षे पुन्हा हलकी झाली. चंद्रकोर, तारे, माशी, भुंगा, चतुर अशा लहान आकारांच्या पिना आणि उंच कॉलरीवर आडवे लावायचे बारीक दांडीसारखे ब्रोच या काळातील. नवख्यांना मी हाच काळ सुचवीन. त्यातील वस्तू आकाराने लहान असतात आणि चूक झाली तरी डोळ्यांत खुपत नाही.

दुसरी पायरी: कपाट उघडा, मगच वस्तू निवडा

पहिली वस्तू आवडीवरून निवडू नये, रोजच्या कपड्यांवरून निवडावी. कॉलरचे शर्ट अधिक घालत असाल तर ब्रोच किंवा घड्याळाच्या धर्तीची साखळी घ्यावी. गोल गळ्याचे टॉप आणि स्वेटर अधिक असतील तर लेसची सुटी कॉलर किंवा लॉकेट योग्य. खोल गळ्याचे कपडे असतील तर चोकर. जॅकेट किंवा ब्लेझर रोजचा असेल तर ब्रोचशिवाय दुसरा विचारही करू नये, कारण ब्लेझरची लेपल, म्हणजे कॉलरीखालची दुमडलेली पट्टी, ही ब्रोचसाठीच शिवली असावी इतकी सोयीची जागा आहे.

टोपी, लेसची छत्री आणि कोपरापर्यंतचे हातमोजे पहिल्या खरेदीत टाळावेत. या वस्तू मोठ्या आहेत, त्या एकट्या पूर्ण पोशाखाचा ताबा घेतात आणि नंतर त्यांना साजेसे दुसरे काहीतरी घेत राहावे लागते. लेसच्या छत्रीने पाऊसही अडत नाही.

अस्सल जुनी वस्तू घ्यावी की नवी नक्कल, असा संकोच अनेकांना असतो. या बाबतीत त्या काळाकडेच पाहावे. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी 1840 मध्ये विद्युत-मुलाम्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर चांदी-सोन्याचा पातळ थर दिलेल्या वस्तू मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचल्या. जेट परवडत नसे त्यांच्यासाठी काळ्या काचेचे ‘फ्रेंच जेट’ होते आणि कडक रबराचे व्हल्कनाइटही होते. इतकेच नव्हे, तर रोममधील कास्तेलानी घराण्याने इटलीतील प्राचीन एट्रुस्कन लोकांच्या दागिन्यांच्या धर्तीवर घडवलेले अलंकार त्या काळात मोठ्या हौसेने वापरले जात. जुन्याचे पुनरुज्जीवन आणि महागाची नक्कल या दोन्ही गोष्टी व्हिक्टोरियन लोकांनीच मनापासून केल्या, तेव्हा आपण नवी नक्कल वापरण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो नक्कल अस्सलच्या भावाने घेण्यात.

तिसरी पायरी: जुनी म्हणून विकली जाणारी वस्तू तपासा

ब्रोच पाहताना आधी ते पालथे करावे, कारण दर्शनी बाजूची नक्कल करणे सोपे असते आणि मागील बाजूकडे नक्कल करणाऱ्याचे लक्ष कमी असते. त्या काळातील ब्रोचची पिन बहुधा इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या साध्या आकड्यात अडकते आणि तिचे टोक अनेकदा ब्रोचच्या कडेबाहेर थोडे डोकावते. फिरवून बंद करण्याची सुरक्षित कडी नंतर रूढ झाली. अर्थात मूळ आकडा तुटल्यावर नवी कडी बसवलेलीही असू शकते, म्हणून या एका खुणेवर निर्णय घेऊ नये.

अंकित खुणा अधिक बोलक्या असतात. ब्रिटिश चांदीवर चालत्या सिंहाचा शिक्का असतो. फक्त 925 हा आकडा दिसला तर वस्तू बहुधा बरीच नंतरची आहे. सोन्यात 9, 12 आणि 15 कॅरेटला ब्रिटनमध्ये 1854 मध्ये मान्यता मिळाली आणि 15 कॅरेटचा दर्जा 1932 मध्ये बंद झाला, त्यामुळे ब्रिटिश वस्तूवर 15 आणि .625 असे आकडे असतील तर ती या दोन वर्षांच्या दरम्यानची ठरते. देशाचे नाव कोरलेले असेल तर ती 1891 नंतरची असण्याची शक्यता मोठी, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले.

कॅमिओ अस्सल असेल तर तो शिंपल्यात किंवा दगडात कोरलेला असतो. शिंपल्याचा कॅमिओ उजेडासमोर धरल्यास प्रकाश आरपार झिरपतो आणि आकृतीची छाया दिसते. मागची बाजू किंचित खोलगट असते. भिंगातून पाहिल्यास कोरणीचे बारीक ओरखडे दिसावेत. केसांच्या बटा आणि नाकाची धार गुळगुळीत, गोलसर असतील आणि कडेला साच्याची रेघ दिसत असेल तर ते प्लास्टिक आहे. नेपल्सजवळील टोरे देल ग्रेको येथे शिंपल्यावरील कोरीव काम आजही चालते, त्यामुळे कॅमिओ हाताने कोरलेला असूनही जुना नसणे शक्य आहे.

काळ्या दागिन्यांत हाताचा स्पर्श पुष्कळ सांगतो. काच गार आणि जड लागते, जेट कोमट आणि हलके लागते. चकाकी नसलेल्या पोर्सेलीनवर जेट हलकेच ओढले तर तपकिरी रेघ उमटते. व्हल्कनाइट उजेडात राहून तपकिरी पडते आणि जोराने चोळल्यास गंधकाचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये, कारण परीक्षा संपेपर्यंत वस्तू बिघडलेली असते.

दोन प्रकारच्या वस्तू मी घेऊ नका असेच सांगेन. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीपासून केलेल्या फण्या, पंखे, केसांच्या पिना यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत आणि जुन्या वस्तूंनाही सीमा ओलांडताना कागदपत्रे लागू शकतात. टोपीवरील जुन्या पिसांचीही तीच गत आहे. पिसांच्या फॅशनसाठी होणारी पक्ष्यांची कत्तल पाहूनच 1889 मध्ये इंग्लंडमध्ये पक्षीसंरक्षणाची संस्था उभी राहिली, आणि तिच्या स्थापनेत स्त्रियांचा पुढाकार होता. कासवपाठीसारखे दिसणारे ॲसिटेट आज सहज मिळते आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही.

चौथी पायरी: ब्रोच लावण्याची रीत

ब्रोच लावताना होणारी नेहमीची चूक म्हणजे ते छातीच्या मध्यावर, रिकाम्या कापडावर, शोभेच्या बिल्ल्यासारखे टाचणे. तेथे त्याला काम नसते. शर्टाचे सर्वांत वरचे बटण लावून नेमके त्याच्यावर ब्रोच बसवावे. तेथे ते कॉलर मिटवते आहे असे दिसते आणि पुष्कळदा खरोखर मिटवतेही. स्कार्फची दोन टोके खांद्याजवळ धरून ठेवणे, पुढून उघडा राहणारा कार्डिगन एका जागी जोडणे, सैल ड्रेसची कमरेजवळची चुणी पकडणे ही कामेही त्याला द्यावीत.

जड ब्रोच पातळ कापडाला खाली ओढते आणि पुढे झुकते. त्यासाठी कापडाच्या आतील बाजूस नाण्याएवढा फेल्टचा तुकडा ठेवून पिन कापड आणि फेल्ट या दोन्हींतून न्यावी. पिन एकदाच आरपार न काढता कापडात घालावी, बाहेर काढावी, पुन्हा घालावी आणि मग आकड्यात अडकवावी; असे केल्याने वजन विभागले जाते आणि साध्या आकड्यातून पिन निसटली तरी ब्रोच लगेच पडत नाही. रेशीम आणि सॅटिनवर छिद्र कायमचे राहते, तेव्हा अशा कापडात पिन शिवणीच्या रेषेतून घालावी. पिनेऐवजी चुंबकाची जोडणीही मिळते, मात्र पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने ती वापरू नये.

पाचवी पायरी: मखमली चोकर घरी करा

विकतच्या चोकरचे माप क्वचितच जुळते आणि हे काम अर्ध्या तासाचे आहे. एक ते दीड सेंटीमीटर रुंद मखमली रिबीन, तिच्या रुंदीच्या, रिबिनीचे टोक पकडणाऱ्या दोन दातेरी टोककड्या, चार-पाच सेंटीमीटरची जोडसाखळी आणि एक हूक एवढे साहित्य लागते.

गळ्याचा घेर जेथे चोकर बसावा असे वाटते तेथेच मोजावा, आणि मोजताना पट्टीखाली दोन बोटे जाऊ द्यावीत. या मापातून हूक आणि टोककड्यांसाठी साधारण दोन सेंटीमीटर वजा करून रिबीन कापावी. जोडसाखळीमुळे पुढे कमीजास्त करता येते. रिबीन पॉलिएस्टरची असेल तर कापलेले टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळून क्षणभर फिरवले की धागे सुटत नाहीत. सुती किंवा रेशमी मखमल मात्र जळते, म्हणून तिची टोके दुमडून बारीक टाक्यांनी शिवावीत. मग टोककडी रिबिनीवर बसवून चिमट्याने दाबावी, आणि दाबताना मध्ये कापडाचा तुकडा ठेवावा म्हणजे धातूवर ओरखडा येत नाही. शेवटी एका बाजूला हूक आणि दुसरीला साखळी जोडावी.

मध्यभागी लहान लॉकेट किंवा कॅमिओ लटकवायचा असेल तर तो रिबिनीला शिवू नये, ओवावा. रिबीन हा ओवण्याचा आधार आहे हे दिसले की चोकर ठसठशीत वाटतो. रुंद, गळा झाकणारे चोकर राणी व्हिक्टोरियाची सून अलेक्झांड्रा हिने लोकप्रिय केले; गळ्यावरील लहान व्रण झाकण्यासाठी ती ते वापरत असे, असे सांगितले जाते. तसे रुंद चोकर लांब मानेला खुलतात. मान आखूड असेल तर अरुंद पट्टी थोडी खाली, गळ्याच्या खळीजवळ बसेल अशी करावी.

सहावी पायरी: साखळी, कॉलर आणि बोटे उघडी ठेवणारे हातमोजे

पुरुषांच्या वेस्टकोटवर दिसणाऱ्या घड्याळाच्या साखळीला प्रिन्स अल्बर्टच्या नावावरून ‘अल्बर्ट’ म्हणतात. तिच्या एका टोकाला आडवी दांडी असते. ती बटणाच्या काजातून आत घातली की आडवी होते आणि निसटत नाही. आज गळ्यातील अनेक साखळ्यांना पुढच्या बाजूस दिसणारी टी-बारची जोडणी ही याच दांडीची वारस आहे. साखळी गळ्यात घालायची असेल तर दांडी आणि कडी समोर घ्यावी. वेस्टकोट किंवा ब्लेझरवर वापरायची असेल तर दुसऱ्या टोकाला काहीतरी खरोखर अडकवावे. घड्याळ नसेल तर किल्ली चालेल. खिशात रिकामे टोक सोडलेली साखळी पाहणाऱ्याला कशी कोण जाणे, पण लगेच कळते.

याच कारणामुळे दाते असलेली पितळी चाके चिकटवलेले दागिने मला पटत नाहीत. स्टीमपंक हा शब्द के. डब्ल्यू. जेटर यांनी 1987 मध्ये वाफेच्या यंत्रांच्या काळावर बेतलेल्या विज्ञानकथांच्या एका प्रकारासाठी वापरला आणि पुढे त्यातून वेशभूषेची एक शैलीही घडली. त्या शैलीतील मेहनती कारागिरांच्या वस्तूंत चाके फिरतात, झाकणे उघडतात. कशालाच न फिरवणारे चाक मात्र टोपीवर नुसतेच बसून राहते.

लेसची सुटी कॉलर साध्या, एकरंगी आणि गोल गळ्याच्या कपड्यावरच घालावी. ती घसरू नये म्हणून मागील मध्यावर आणि दोन्ही खांद्यांवर आतून एकेक लहान टाका घालावा. धुताना तो उसवता येतो. लेस कोमट पाण्यात सौम्य साबणाने दाबून धुवावी, पिळू नये आणि टॉवेलवर सपाट पसरून, टोके गंज न चढणाऱ्या टाचण्यांनी ताणून वाळवावी. जुन्या लेसमध्ये पिवळेपणा असेल तर तो तसाच ठेवणे बरे, कारण ब्लीचमुळे धागा विरतो.

हातमोज्यांपैकी बोटे उघडी ठेवणारे लेसचे ‘मिट्स’ त्या काळात घरातही वापरले जात. फोनचा पडदा चालवण्यासाठी त्यांच्याइतकी सोयीची वस्तू त्या युगाने आपल्याला दुसरी दिली नसेल.

सातवी पायरी: किती आणि कशासोबत

सुरुवातीला एका वेळी एकच वस्तू वापरावी आणि उरलेला पोशाख पूर्णपणे आजचा ठेवावा: डेनिम, साधा टी-शर्ट, सुती शर्ट, सपाट बूट. दुसरी वस्तू जोडायची झाल्यास ती पहिलीपासून दूर असावी. गळ्यावर चोकर आणि कॉलरीवर ब्रोच एकत्र आले की दोघांचेही काम एकाच जागेवर येते आणि गर्दी होते; गळ्यावर चोकर आणि बोटात सर्पाकृती अंगठी असेल तर नजरेला मध्ये श्वास घ्यायला जागा राहते. धातूचा रंग एकच ठेवण्याचा नियम मात्र फार मनावर घेऊ नये.

रंगांच्या बाबतीत व्हिक्टोरियन म्हणजे काळा आणि तपकिरी एवढेच, हा समज जुन्या छायाचित्रांनी करून दिला आहे. विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला 1856 मध्ये क्विनाइन बनवण्याच्या प्रयत्नात अपघाताने पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला आणि त्यानंतर रस्ते भडक जांभळ्या, किरमिजी, हिरव्या कपड्यांनी भरून गेले. गडद जांभळी मखमली रिबीन त्यामुळे काळ्या रिबिनीइतकीच त्या काळाची आहे.

देखभाल

जेट आणि शिंपला पाण्यात बुडवू नयेत. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. दागिने साफ करण्याच्या अल्ट्रासोनिक यंत्रात यांपैकी काहीही घालू नये. मोती आणि कॅमिओ अत्तर व केसांचा स्प्रे मारून झाल्यावरच घालावेत. केसांचा गुंफलेला भाग काचेखाली असलेले शोकदागिने ओल्या कापडानेही पुसू नयेत, कारण फटीतून आत गेलेले पाणी बाहेर येत नाही. मखमलीची रिबीन घडी न घालता गुंडाळून ठेवावी, काळी काच आणि जेट वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत ठेवावेत, कारण काच जेटला ओरखडते. जुन्या ब्रोचची पिन आणि आकडा घराबाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक वेळी बोटाने हलवून पाहावा. आकडा सैल झाला असेल तर तो स्वतः पक्कडीने दाबू नये, सोनाराकडून घट्ट करून घ्यावा, कारण जुना धातू वाकवला की अनेकदा मुळापासून तुटतो.